गाडीची पडिलेहणा

भुसावळच्या फलाटावर ज्यांचे बालपण गेले, त्यांनी एक दृश्य हमखास पाहिलेले असते. लांब पल्ल्याची गाडी स्थानकात शिरू लागली की रुळांच्या कडेला रेल्वेचे दोन-तीन कर्मचारी उभे असतात. प्रवाशांकडे किंवा खिडक्यांकडे त्यांचे लक्ष नसते. ते चाकांकडे पाहत असतात. एखाद्या चाकातून धूर येतो काय, डब्याखाली काही लोंबते आहे काय, चाकांच्या लयीत एखादा विजोड आवाज मिसळला आहे काय, एवढेच ते न्याहाळतात. गाडी मुंबईहून धडधाकट धावत आली आहे हे त्यांना ठाऊक असते, तरीही ते पाहतात. मागच्या जंक्शनवर कुणीतरी पाहिले होते, म्हणून येथे पाहावयाचे नाही असा हिशेब रेल्वेत नाही. दीडशेहून अधिक वर्षे रेल्वेच्या आधाराने वाढलेल्या आपल्या गावात, घरासमोरची मोटार मात्र आपण एकदाही वाकून न पाहता किल्ली फिरवून सुरू करतो, याचे मला वारंवार नवल वाटते.

हे नवल आपल्या समाजाच्या बाबतीत अधिकच वाटते. आपण व्यापारी माणसे. धान्याचे पोते घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून, फुंकर मारून, दाताखाली एक दाणा फोडून पाहणारी. कापडाचा ताका उलगडून उजेडात धरणारी. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी रोजमेळ जुळला नाही तर जेवायला न उठणारे वडीलधारे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. पण दहा-बारा लाखांची गाडी घेतली की तिचे बॉनेट उघडणे हे काम आपण ड्रायव्हरचे किंवा गॅरेजवाल्याचे समजतो. गाडीचे बॉनेट कोणत्या खटक्याने उघडते, हे ठाऊक नसलेले गाडीमालक मला गावात कितीतरी भेटले आहेत. त्यांत सनदी लेखापालही होते.

आपल्या साधु-साध्वींच्या दिनचर्येत पडिलेहण असते. सकाळी आणि सायंकाळी, दिवसातून दोन वेळा, वस्त्रे, पात्रे, रजोहरण, आसन असे जे काही थोडके उपकरण जवळ असेल ते एकेक उचलून, उलटसुलट करून, डोळ्यांनी पाहून घ्यावयाचे. वस्त्र कालच पाहिले होते, आज पुन्हा कशाला, ही सबब तेथे चालत नाही. पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे ती हेच सांगते: वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून. त्या आचाराशी आपल्या मोटारीची बरोबरी करण्याचे धाडस मी करणार नाही. मोटार हा परिग्रह आहे आणि ती चालवणे हा आरंभ आहे, हे श्रावकाने मान्यच केले पाहिजे. परंतु आरंभ टळत नसेल तर त्यात जयणा तरी असावी, असे आपल्याला लहानपणापासून शिकविले गेले आहे. पडिलेहण ही मुळात वस्त्र टिकावे म्हणून होत नाही, त्यात एखादा जीव अडकला असेल तर तो वाचावा म्हणून होते. म्हणून गाडीची तपासणीही मी जिवापासूनच सुरू करतो.

सकाळी गाडीचे दार उघडण्यापूर्वी बॉनेटवर हाताने दोन थापा माराव्यात. थंडीच्या दिवसांत मांजरे इंजिनाच्या उबेला जाऊन बसतात. खारी तेथे काड्या-कापूस जमवून घरटे करतात. इंजिन सुरू झाले की पट्टा आणि पंखा फिरू लागतो आणि त्या मुक्या जिवाला बाहेर पडायला क्षणाचीही सवड मिळत नाही. दोन थापांना काही मोल पडत नाही. त्यानंतर गाडीभोवती एक फेरी मारून चाकांखाली पाहावे. उन्हाळ्यात गल्लीतली कुत्री गाडीच्या सावलीत झोपलेली असतात, आणि अंगणात रांगणारी मुले कुठे असतील याचा नेम नसतो.

उंदरांचा प्रश्न आपल्याकडे थोडा निराळा आहे. बाजार समितीतून नमुन्याच्या पिशव्या डिकीत टाकून आणणारी मंडळी आपल्यात पुष्कळ. तूर, हरभरा, दादर यांचे चार दाणे गालिच्याखाली सांडतात, त्यांच्या वासाने उंदीर येतात आणि मग विजेच्या तारा कुरतडतात. एका रात्रीत हजारो रुपयांची तारांची जुडी कुरतडलेली मी पाहिली आहे. विष ठेवणे हा मार्ग आपला नव्हे. डिकी दर रविवारी रिकामी करून झाडून घेणे, नमुने झाकणाच्या डब्यात आणणे आणि धान्याच्या गोदामाच्या भिंतीला लागून गाडी रात्रभर उभी न करणे, एवढ्याने बहुतेक काम होते.

आता टायर. या विषयावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण खानदेशात याबाबत एक गैरसमज घट्ट रुजला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि डांबराचा रस्ता हवेहून कितीतरी अधिक तापतो. अशा दिवसांत हवा तापून टायर फुटेल या भीतीने लोक मुद्दाम हवा कमी ठेवतात. वस्तुस्थिती उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला अधिक दबते आणि पुन्हा सरळ होते. या सततच्या दबण्या-उठण्यातून टायरच्या आतच उष्णता तयार होते. बाहेरची उष्णता, आतली उष्णता, शंभराचा वेग आणि भरलेली गाडी हे सारे एकत्र आले की टायरचे थर सुटतात आणि तो फुटतो. म्हणजे ज्या भीतीने हवा कमी केली, तीच आपत्ती आपण ओढवून घेतो.

हवा किती ठेवावी हे कंपनीने गाडीवरच लिहून दिलेले असते. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले की खांबावर एक लहान पत्रक चिकटवलेले दिसते. साधारण मोटारींना तो आकडा ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास असतो. त्यातही दोन रकाने असतात, कमी माणसांसाठी वेगळा आणि पूर्ण भारासाठी वेगळा. हा आकडा थंड टायरचा असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चालल्यावर तपासावी. तासभर महामार्गावर धावून पंपावर थांबलात तर तीच हवा चार-पाच पीएसआयने अधिक दिसेल. ती वाढ कंपनीने गृहीत धरलेली असते, त्यामुळे तेथे हवा सोडू नये. पंपापंपावरचे मापक वेगवेगळे आकडे दाखवितात. दुकानात तराजूची परीक्षा करणाऱ्या माणसाने स्वतःचे एक हवा-मापक घ्यावे. ते काही शे रुपयांत मिळते. नायट्रोजनविषयी विचाराल तर, आपल्या साध्या हवेतच तो शेकडा ७८ असतो. नायट्रोजनला पैसे देण्यापेक्षा साधी हवा दर पंधरा दिवसांनी तपासणे मला अधिक हिशेबाचे वाटते.

टायरच्या खाचा कायद्याने मोटारीला किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. हे मोजण्यासाठी पट्टी लागत नाही. टायरच्या मुख्य खाचांत तळाशी आडवे लहान उंचवटे दिलेले असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले. फक्त मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त राहिली, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी राहिली, एकच कड झिजली असेल तर चाकांची दिशा बिघडली, असे टायर स्वतःच सांगत असतो. टायरचे वयही पाहावे. बाजूच्या भिंतीवर चार अंक असतात. २३२१ असे असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. आपल्यातल्या अनेकांची गाडी दुकान ते घर एवढीच फिरते, त्यामुळे खाचा शाबूत असतात, पण उन्हाने रबर कडक होऊन भिंतीला बारीक चिरा पडतात. असा टायर घेऊन समृद्धी महामार्गावर जाऊ नये. डिसेंबर २०२२ मध्ये त्या मार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाल्यावर टायर फुटण्याची चर्चा इतकी वाढली की परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली. आणि डिकीतल्या पाचव्या चाकाची हवा शेवटची कधी पाहिली, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

उन्हाळ्याचा दुसरा घाव बसतो तो इंजिनाच्या थंडाव्यावर. येथे एक घडलेली हकीकत सांगितली पाहिजे.

माझ्या थोरल्या भगिनींनी, ज्यांना आम्ही सारे जीजी म्हणतो, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी वर्षीतप पूर्ण केले. पारणे अक्षय्य तृतीयेला धुळ्याला नातलगांकडे ठरले होते. आदल्या दिवशी त्यांचा उपवास. दुपारी आम्ही पाच जण भाच्याच्या गाडीने निघालो. प्रवास अडीच-तीन तासांचा म्हणून जीजींचे उकळलेले पाणी एका बाटलीपुरतेच घेतले होते. पुढचे पाणी धुळ्याला तयार होते. एरंडोल मागे पडून पारोळ्याकडे जाताना, साडेचारच्या सुमारास, तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. भाच्याने गाडी कडेला घेतली आणि उतरून तो रेडिएटरचे झाकण उघडायला धावला. मी त्याचा हात धरला. तापलेल्या रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर उडते. इंजिन निवण्याची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता.

रेडिएटरची वरची रबरी नळी पट्टीजवळ चिरलेली निघाली. एका ट्रकचालकाने थांबून जुन्या ट्यूबची पट्टी तारेने आवळून दिली. त्याचे उपकार आम्ही विसरलो नाही. या सगळ्यात पावणेदोन तास गेले. जीजी रस्त्याकडेच्या निंबाखाली बसून नवकार म्हणत होत्या. त्यांची बाटली केव्हाच संपली होती. पाणी आमच्याभोवती भरपूर होते. आमच्या चौघांच्या बाटल्या होत्या, ट्रकवाल्याकडे मोठा कॅन होता, आणि त्याच कॅनचे पाणी आम्ही गाडीला भरभरून पाजत होतो. पण ते सारे कच्चे पाणी. त्या मागणार नव्हत्या आणि आम्ही देऊ शकत नव्हतो. भाचा सारखा घड्याळाकडे आणि मावळतीकडे पाहत होता. त्याला त्या म्हणाल्या, “अरे, आधी गाडीला पाज. माझी काळजी करू नकोस, तिला पच्चक्खाण नाही.” हळूहळू गाडी हाकत पारोळ्याला पोहोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. दुपारी साडेचारपासून दुसऱ्या दिवशी पारण्याच्या उसाच्या रसापर्यंत त्यांच्या घशात थेंब गेला नाही. त्या रात्री धुळ्याच्या डॉक्टरांनी दोनदा येऊन नाडी पाहिली. पारणे सुखरूप झाले. भाच्याने मात्र ते जेवण नीट केले नाही.

ती नळी एका दिवसात चिरलेली नव्हती. थंड इंजिनावर दोन बोटांनी दाबून पाहिले असते तर फुगलेली, मऊ पडलेली आणि कडेला भेगाळलेली जागा हाताला लागली असती. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे. रेडिएटरशेजारी कूलंटची अर्धपारदर्शक टाकी असते, तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात. थंड इंजिनावर पातळी त्या दोहोंच्या मध्ये असावी. पातळी महिन्या-महिन्याला खाली जात असेल तर नुसते भरत राहू नये, गळती कुठे आहे ते शोधावे. आणि आपल्याकडच्या विंधनविहिरीचे क्षाराचे पाणी तेथे कायमचे ओतू नये. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो तोच आत बसतो. अडचणीच्या वेळी पाणी घातलेच तर गावी आल्यावर काढून योग्य कूलंट भरावा. कूलंटविषयी आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना कळलीच पाहिजे. त्यात जे इथिलीन ग्लायकॉल असते ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. अंगणात सांडलेले कूलंट मांजर किंवा कुत्रे चाटते आणि मरते. सांडले तर लगेच भरपूर पाणी घालून धुवावे, उरलेला डबा उंच ठेवावा. जुने इंजिन ऑइलही गटारात न सोडता गॅरेजवाल्याच्या पिंपात जाते ना, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

इंजिन ऑइलचे फार अवघड नाही. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पट्टी बाहेर काढावी, फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहावे. डिझेल गाडीचे तेल लवकर काळे होते, त्याने घाबरू नये. दुधाळ, कॉफीसारखा रंग दिसला तर मात्र तेलात पाणी मिसळले आहे असे समजून गाडी हलवू नये. गळती शोधण्याची माझी रीत अगदी दुकानी आहे. मालाच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा रात्री गाडीखाली पसरून ठेवावा. सकाळी त्यावर नुसते पाणी दिसले तर ते बहुधा एसीचे. हिरवा किंवा गुलाबी डाग कूलंटचा, तपकिरी-काळा ऑइलचा. चाकाच्या आतल्या बाजूला फिक्या पिवळसर, तेलकट द्रवाचा डाग दिसला तर ते ब्रेकचे ऑइल असू शकते. मग गाडी चालवत नेऊ नये, कारागिराला घरी बोलवावे.

ब्रेकची एक साधी परीक्षा प्रत्येकाला करता येते. इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले की समजावे, ब्रेकला मदत करणारी यंत्रणा ठीक आहे. पाय तसाच धरून ठेवला असता पेडल हळूहळू जमिनीकडे बुडत गेले तर गडबड आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ओलावा वाढला की ते कमी उष्णतेला उकळते, आणि लांब उतारावर, समजा कन्नडच्या घाटात, सतत ब्रेक दाबून चाके तापली की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवावी. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचविणारे महाभाग आपल्यातही आहेत. त्यांचे गणित मी बँकेत असतानाही कधी मान्य केले नसते.

याच ब्रेक ऑइलवरून एक गोष्ट आठवली. एका सेवाकेंद्राने माझ्या बिलात ते बदलल्याची रक्कम लावली. गाडी देण्यापूर्वी मी त्या टाकीच्या झाकणावर आणि कडेवर मिळून नखाएवढी चिकटपट्टी लावून ठेवली होती. तिजोरीला लाखेची मोहोर पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची ही खोड. घेताना पाहिले तर पट्टी अखंड. मी आवाज चढवला नाही, फक्त व्यवस्थापकांना बॉनेटपाशी नेले. रक्कम वजा झाली आणि ऑइल माझ्यादेखत बदलले गेले. अविश्वास म्हणून मी ही पट्टी लावीत नाही. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत, तेथेही कुणी कुणाचा अपमान करीत नसे.

अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत अतिभार-आरोपण येते. पूर्वी ते बैलाच्या, घोड्याच्या पाठीवर क्षमतेबाहेर ओझे लादण्याविषयी होते. आज बैल नाही, पण लग्नाला निघालेल्या पाच आसनांच्या गाडीत आठ माणसे, डिकीत आहेराची भांडी आणि वर कॅरियरवर गाद्या हे दृश्य आपल्या गावात नवे नाही. भार वाढला की ब्रेक लागण्याचे अंतर वाढते, टायर तापतात, मागचा भाग बसल्याने दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. यंत्राला वेदना नसते हे खरे. गाडीतल्या आणि रस्त्यावरच्या जिवांना असते. मागच्या काचेपाशी ठेवलेला स्टीलचा डबा किंवा नारळ जोरात ब्रेक लागताच पुढे बसलेल्यांच्या डोक्यावर येतो, हेही लक्षात असावे.

आणि सीटबेल्ट. मागे बसणाऱ्याला तो लागत नाही ही समजूत आपल्या घरातल्या ज्येष्ठ स्त्रियांपासून उद्योगपतींपर्यंत सगळीकडे आहे. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघाती निधन झाले. गाडी उत्तम बनावटीची होती. ते मागील आसनावर होते आणि पट्टा बांधलेला नव्हता. मागच्या आसनांवरची आच्छादने शिवून घेताना पट्ट्यांचे खटके आत दडपले गेले असतील तर या आठवड्यात ते बाहेर काढावेत. किल्ली फिरविताच समोरच्या फलकावर सगळे दिवे लागतात आणि काही क्षणांत विझतात. त्यांतला एअरबॅगचा दिवा तसाच राहिला तर अपघातात ती उघडेलच याची खात्री धरू नये. तेलाच्या झारीचे लाल चिन्ह चालत्या गाडीत लागले तर पुढच्या गावापर्यंत जाण्याचा मोह न करता तेथेच इंजिन बंद करावे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर ती स्वच्छ करावी; तार सोडताना आधी ऋण, जोडताना शेवटी ऋण. वायपरचे रबर आपल्या उन्हाळ्यात वाळून जाते, म्हणून पहिल्या पावसाआधी बदलावे. सीएनजी गाडी असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी चुकवू नये. तारीख टाकीच्या पट्टीवर असते. कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन नोंदणी पुस्तकावरचा बोजा उतरवून घ्यावा. ही शेवटची सूचना दुरुस्तीत मोडत नाही, पण वर्षानुवर्षे हा बोजा तसाच ठेवून गाडी विकतेवेळी धावपळ करणारे इतके लोक माझ्या टेबलासमोर बसून गेले आहेत की लिहिल्यावाचून राहवत नाही.

चाक बदलणे घरातल्या सर्वांना, विशेषतः मुली-सुनांना, एकदा शिकवून ठेवावे. एखाद्या रविवारी अंगणात, उजेडात, प्रत्यक्ष. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये. नट गाडी उचलण्यापूर्वीच अर्धा फेरा सैल करायचे. उचलल्यावर जोर लावला तर जॅक घसरतो. जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालायचा नाही. नवे चाक बसविल्यावर नट समोरासमोरचे आवळायचे. महामार्गावर बंद पडल्यास त्रिकोणी फलक गाडीमागे निदान पन्नास-साठ पावलांवर ठेवून माणसांनी कठड्याच्या पलीकडे उभे राहावे, गाडीत बसून राहू नये. राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ आणि रुग्णवाहिकेचा १०८ घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

दिव्यांचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आपले साधु-साध्वी पहाटेच्या झुंजूमुंजूला विहाराला निघतात. पूर्वी ते गाडीवाटेने जात. आता आपल्या सूरत-नागपूर मार्गासारखे रस्ते रुंद झाले, वाहने वेगात जाऊ लागली, आणि पायी चालणाऱ्याला रस्त्याची फक्त कड उरली. विहारात वाहनाच्या धडकेने महाराजसाहेब किंवा महासतीजी काळधर्म पावल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपण वारंवार वाचल्या, संघांनी शोकसभा घेतल्या. विहारसेवेतले तरुण चमकदार जॅकेट घालून पुढे-मागे चालतात, हे फार मोलाचे काम आहे. पण त्याच पहाटे त्याच रस्त्यावर मार्केटला, लग्नाला, तीर्थाला निघालेल्या गाड्यांत आपल्याच गाड्या असतात. एका दिव्यावर चालणारी गाडी, उन्हाने पिवळट झालेली दिव्याची काच, समोरच्या काचेला आतून बसलेला तेलकट थर, यांतून पांढरे वस्त्रही वेळेत दिसत नाही. ब्रेक लावायला जे दोन-तीन सेकंद हवे असतात ते तेथेच जातात.

यासाठी कारागीर लागत नाही. रात्री दुकानाचे शटर ओढल्यावर गाडी शटरपासून वीस-पंचवीस फुटांवर सपाट जागी उभी करा. दिवे लावा. दोन्ही झोत सारख्या उंचीवर पडतात का, एक वर आणि एक बाजूला तर नाही ना, ते पाहा. आखूड झोत लावला की उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा किंचित खालीच असावी. मग गाडी फिरवून पाठ शटरकडे करा आणि ब्रेक दाबा; आरशात लाल उजेडाचे दोन ठिपके दिसले पाहिजेत. समोरची काच बाहेरून तर पुसतोच, आतूनही कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा. कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मासाची मुदत संपते, विहार सुरू होतात आणि त्याच सुमारास पहाटेचे धुकेही पडू लागते. ही तपासणी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात उरकून घ्यावी.